सणाचे नाव आणि सणाचे घर : बेने इस्राएलांच्या मराठी सणनामांचा विचार

१

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या बालपणीचे सण तेथे कसे पाळले, याविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. दिवाळी अंक, महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिका आणि प्रवासवर्णने यांतून या विषयाची हजेरी जवळजवळ ठरलेली असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये स्थापन झाले आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये. तेव्हा या लेखनामागे दोन-तीन पिढ्यांचा अनुभव उभा आहे, हे उघड आहे. तथापि या लेखनातील सण बहुधा दोनच असतात, दिवाळी आणि गणेशोत्सव. आणि त्याच्या बुडाशी एक गृहीत असते. सण म्हणजे काही वस्तूंचा व विधींचा समुच्चय, परदेश म्हणजे त्या वस्तू जेथे सहजासहजी मिळत नाहीत असे स्थळ, आणि त्या वस्तू कशाबशा मिळविल्या म्हणजे बालपणीचा सण तेथे अवतरला, असे ते गृहीत होय. उटण्याची पुडी आणि चकलीची भाजणी पोचली की दिवाळी पोचली, असा हा साधा हिशेब आहे.

हा हिशेब कितपत खरा आहे हे पाहावयाचे असेल, तर असे एखादे उदाहरण घेतले पाहिजे की ज्यात परदेशी गेलेल्यांना सणाच्या साहित्याची, विधींची किंवा सुटीची कोणतीही उणीव पडली नाही. असे उदाहरण मराठी भाषिकांत आहे. ते कोकणातून इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएल समाजाचे. या समाजाने जे सण अलिबाग, पेण, रोहे, मुंबई व पुणे येथे मूठभर लोकांत पाळले, तेच सण नव्या देशात अवघे राष्ट्र पाळीत होते. शाळा आणि कचेऱ्या त्या दिवशी बंद राहत होत्या. वरील गृहीत खरे असते, तर या समाजाचे बालपणीचे सण तेथे अधिकच दृढ व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात सण दृढ झाले. बालपणीचे सण मात्र तसे राहिले नाहीत. ही विसंगती कशी उलगडावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्या मते तिचे उत्तर सणांच्या नावांत आहे.

२

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे पुरे. या समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले व त्यातून सात जोडपी वाचली. पुढे कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यांतून हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखले जाऊ लागले. किहीमवरून केहीमकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर अशी त्यांची आडनावे झाली. भाषा मराठी, तीही कोकणी वळणाची. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभे राहिले. अशा मंदिरास हे लोक 'मशीद' म्हणत, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालविलेल्या हिब्रूच्या अध्यापनामुळे या समाजाचा इतर ज्यू जगाशी ग्रंथगत संबंध जुळला. त्यापूर्वीच्या दीर्घ काळात त्यांचा धर्म घरातल्या घरात, ग्रंथावाचून, केवळ आचाराने टिकला होता. या काळातील सणांची नावे हाच आपल्या विवेचनाचा आधार आहे.

३

ही नावे अशी : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनशी ढाकाचा सण, बिरड्याचा रोजा. यांखेरीज हिब्रू वर्षाच्या अखेरच्या महिन्यातील उपवासांना 'रमजान' असे म्हटले जाई.

प्रथम त्यांची घडण पाहू. षष्ठ्यन्त नाम अधिक 'सण' किंवा 'रोजा' अशी ही बहुतेकांची रचना आहे. 'शिळा सण' एवढाच विशेषणयुक्त आहे. ही रचना मराठीत परकी नाही. नारळी पौर्णिमा, पिठोरी अमावास्या, तिळसंक्रांत ही नावे याच प्रवृत्तीची होत. ज्या देवतेसाठी किंवा ज्या घटनेच्या स्मरणार्थ सण पाळावयाचा तिचा उल्लेख त्यांत नसतो. त्या दिवशी हाताशी जी वस्तू असते तिचा असतो. पंचांगकर्ता सणाला तिथीचे नाव देतो, पुराणिक देवतेचे देतो, आणि घर मात्र नारळाचे, पिठाचे किंवा तिळाचे नाव देते. बेने इस्राएलांची सणनामे या तिसऱ्या, घरच्या नामकरणातील आहेत.

दारफळणीचा सण म्हणजे ज्यू वर्षातील प्रायश्चित्ताचा सर्वांत गंभीर दिवस. हिब्रू नाव प्रायश्चित्ताचे आहे, मराठी नाव दार लावून घेण्याचे. त्या दिवशी घरातील माणसे उपास करून, शुभ्र वस्त्रे नेसून, बाहेरच्यांचा स्पर्श टाळून आत राहत. पापक्षालनाची कल्पना लहान मुलाला कळणे कठीण. पण दार बंद झाले आहे, आज बाहेर खेळावयास जावयाचे नाही, हे त्याला पक्के कळते. दुसरा दिवस शिळ्या सणाचा. तो दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. दार पुन्हा उघडते, आणि कालचा सण आज 'शिळा' होतो. या दोन नावांत एक लहानसे कथानकच सामावलेले आहे.

अनशी ढाकाचा सण हा मिसर देशातून झालेल्या सुटकेचा, म्हणजे वल्हांडणाचा सण. या दिवसांत आंबविलेले काही घरात ठेवावयाचे नाही, असा मूळ दंडक आहे. भात आणि तांदळाची भाकरी खाणाऱ्या कोकणी घरात खमिराची रोटी नव्हतीच. मग दंडक लागू करावयाचा कशाला? 'अनस' नावाचा एक आंबट रस तेवढा घरात असे, आणि त्याचे भांडे या सणात झाकून ठेवीत, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. ती मान्य केली तर असे दिसते की परकीय हवामानात, परकीय धान्यावर वाढलेल्या नियमाला या समाजाने आपल्या स्वयंपाकघरातील सर्वांत जवळचा प्रतिनिधी शोधून दिला. नियम विसरला गेला असे म्हणण्यापेक्षा नियमाचे भाषांतर झाले असे म्हणणे अधिक रास्त. आणि ते शब्दांनी नव्हे, तर भांड्याने केले.

बिरड्याचा रोजा हा यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन. तो श्रावणाच्या आसपास येतो. शोकामुळे मांसाहार वर्ज्य. म्हणून मोड आलेल्या वालांचे बिरडे केळीच्या पानावर वाढावयाचे. सहस्रावधी वर्षांपूर्वी, दूरच्या नगरात झालेल्या नाशाचे स्मरण वालाच्या मोडांना बांधलेले असावे, हे ऐकणाऱ्याला प्रथम विपरीत वाटते. परंतु वाल भिजत घालणे, फडक्यात बांधणे, सोलणे या कामांत घरातील बायका आणि मुले दोन दिवस आधीपासून गुंतलेली असतात, हे लक्षात घेतले म्हणजे शोकाची चाहूल त्या घराला कशाने लागत असेल ते समजते.

शेजाराचा ठसाही या नावांवर स्पष्ट आहे. 'रोजा' व 'रमजान' हे शब्द कोकणी मुसलमानांकडून आले. 'होळीचा सण' हे पुरीम या सणाचे नाव हिंदू शेजाऱ्यांचे. दोन्ही पंचांगे चांद्रसौर असल्यामुळे हे दोन सण बहुधा एकाच पौर्णिमेच्या आगेमागे येतात. यांत धर्माची सरमिसळ शोधण्याचे कारण नाही. गावाला जो शब्द कळतो तो वापरून आपला दिवस वेगळा ठेवण्याची ही रीत आहे.

'नव्याचा सण' हे नाव या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. 'नवे' म्हणजे नवे वर्ष, असा अर्थ सर्वत्र केला जातो, कारण ज्यू वर्षाचा आरंभ त्या दिवशी होतो. पण कोकणी कानाला 'नवे' म्हणजे आश्विनाच्या सुमारास घरी येणारे नवे भातही ऐकू येते. नवान्न पौर्णिमेचा प्रघात त्याच किनाऱ्यावरचा आहे. लगोलग येणारा खिरीचा सणही नव्या धान्याचा. तेव्हा हे नाव द्व्यर्थी असावे आणि त्याची द्व्यर्थता हेच त्याचे सामर्थ्य असावे, असे आम्हांस वाटते. एका शब्दाने हिब्रू वर्ष आणि कोकणची खाचरे एकाच दिवशी सुरू होतात.

४

या नावांचा पहिला मोठा संग्राहक म्हणजे हाईम सॅम्युएल केहीमकर. त्यांचा बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून झाला व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. समाजासाठी मुंबईत १८७५ मध्ये शाळा काढणाऱ्या या कार्यकर्त्याचे ऋण अभ्यासकांवर फार मोठे आहे. तरीही त्यांच्या विवेचनाच्या दोन मर्यादा दाखविणे अवश्य आहे.

पहिली मर्यादा हेतूची. केहीमकरांना आपला समाज खरा व प्राचीन ज्यू समाज आहे हे बाहेरच्या जगापुढे सिद्ध करावयाचे होते. म्हणून त्यांनी सणांची विभागणी जुने सण आणि मागाहून आलेले सण अशी केली आणि जुन्यांच्या यादीत कोणते सण नाहीत यावरून पूर्वज कोकणात केव्हा आले याचे अनुमान काढण्याची वाट मोकळी केली. त्यांच्या मते हे आगमन इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा मार्ग निसरडा आहे. एखादे नाव आढळत नाही यावरून तो सण कधीच नव्हता असे ठरत नाही. नाव लोपते, दुसऱ्या नावात मिसळते, किंवा खिरीच्या सणाप्रमाणे एका जुन्या सणाचा अवशेष निराळ्या नावाने उरतो. नावे कालगणनेचे पुरावे म्हणून दुबळी आहेत. जीवनपद्धतीचे पुरावे म्हणून मात्र ती अत्यंत बळकट आहेत. केहीमकरांनी दुबळ्या बाजूवर भार टाकला.

दुसरी मर्यादा माध्यमाची. हा ग्रंथ इंग्रजीत आहे, आणि पुढील बहुतेक अभ्यासकांनी ही नावे त्यातून किंवा त्यावर आधारलेल्या लेखनातून घेतली. रोमन लिपीत 'ळ' आणि 'ल', 'ढ' आणि 'ध', 'ण' आणि 'न' यांचा भेद राहत नाही. परिणामी अस्सल मराठी शब्द परभाषेच्या चाळणीतून गळून आपल्याकडे परत येतात आणि मराठी वाचकाला आपल्याच भाषेतील शब्द अंदाजाने लिहावे लागतात. शिवाय इंग्रजी लेखनात प्रत्येक नावापुढे त्याचा हिब्रू प्रतिशब्द येतो. वाचकाच्या मनात त्यामुळे एक उतरंड तयार होते : हिब्रू नाव हे खरे नाव, मराठी नाव हे अज्ञानकाळातील टोपणनाव. आमचा मुख्य आक्षेप या उतरंडीवर आहे. दारफळणी हे प्रायश्चित्तदिनाचे बिघडलेले नाव नव्हे. ते त्याच दिवसाकडे उंबरठ्याच्या आतून पाहणारे स्वतंत्र नाव आहे.

५

१९४८ नंतर या समाजाचे मोठे स्थलांतर सुरू झाले. बेर शेव्हा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा गावांतून ही कुटुंबे वसली. या प्रवासाला त्यांच्या धर्मभाषेत स्वगृही परतणे म्हणतात. पण घर इतक्या सहजपणे सापडले नाही. १९५१-५२ मध्ये असंतुष्ट कुटुंबांनी भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि काही कुटुंबे परतलीही. पुढे त्यांच्या विवाहसंबंधांच्या ग्राह्यतेविषयी धर्मपीठाने शंका उपस्थित केल्या, आणि दीर्घ आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.

अशा परिस्थितीत दारफळणी, शिळा सण आणि अनशी ढाक या नावांचे काय होणार, हे वेगळे सांगावयास नको. ज्या समाजाच्या ज्यूपणावरच प्रश्नचिन्ह होते त्याने प्रायश्चित्तदिनाला मराठी नाव देणे, किंवा उपवासाला 'रोजा' आणि प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणणे, म्हणजे विरोधकांच्या हाती आयताच पुरावा देणे होते. या नावांची पीछेहाट मुंबईतच, एकोणिसाव्या शतकातील सुधारणेबरोबर सुरू झाली होती, हे खरे आहे. पण तेथे घरचे नाव व मंदिराचे नाव ही दोन्ही शेजारी नांदू शकत होती. नव्या देशात शाळा, बाजार आणि पंचांग या तिन्ही ठिकाणी एकच नाव होते. एका दिवसाला दोन नावे असली आणि त्यांतील एकामागे सगळे राष्ट्र उभे असले, म्हणजे दुसरे नाव आजीच्या तोंडापुरते उरते.

याच्या उलट 'मलिदा' या शब्दाचे झाले. पोहे, ओले खोबरे, गोड, वेलची, सुका मेवा व फळे यांचे ताट मांडून एलिया संदेष्ट्याचे स्मरण करावयाचे, हा या समाजाचा खास विधी. नवस फेडताना, लग्नकार्यात, नव्या आरंभाच्या वेळी तो होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याशी त्याची दंतकथा निगडित आहे. शब्द मूळचा फारसी, चोळणे-कुस्करणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. मराठीत तो पोळी कुस्करून केलेल्या गोड पदार्थासाठी, पीराच्या नैवेद्यासाठी रूढ आहे. बेने इस्राएलांच्या ताटात कुस्करलेले काही नाही. वस्तू पालटली आणि नाव राहिले. हा विधी इस्राएलात टिकला, इतकेच नव्हे तर या समाजाची ओळख बनला; हैफा येथील एलियाच्या गुहेशी तो जोडला गेला. याचे कारण भाविकता अधिक होती एवढेच नव्हे. मलिद्याला हिब्रूत प्रतिस्पर्धी नाव नव्हते. जेथे दुसरे नाव तयार होते तेथे मराठी नाव हरले. जेथे नव्हते तेथे ते आपल्या ताटासकट उभे राहिले.

हाच नियम दिवाळीस लावून पाहावा. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत दिवाळीला प्रतिस्पर्धी नाव नाही, म्हणून 'दिवाळी' हा शब्द तेथे निर्धास्त आहे. पण त्या नावाच्या पोटातील नावे पाहिली तर चित्र निराळे दिसते. 'पहिली आंघोळ' हा शब्द पहाटेच्या काळोखाशिवाय, चुलीवरच्या बंबाशिवाय आणि उठविणाऱ्या आईच्या हाकेशिवाय उभा राहत नाही. सोयीच्या शनिवारी सायंकाळी सभागृहात जमलेल्या दिवाळीत त्याला जागा नाही. म्हणजे एकीकडे सण राहून नाव गेले, आणि दुसरीकडे नाव राहून आतली नावे गेली. दोन्हीकडे जे हरपले ते एकच : सणाकडे घराच्या आतून, मुलाच्या उंचीवरून पाहणारी शब्दसंपत्ती. बालपणीचा सण म्हणतात तो हाच.

६

या हानीची जाणीव असलेले लेखन झालेच नाही असे नाही. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचे पुस्तक मराठी भाषांतरासह छापले गेले. पुण्याच्या आवृत्तीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. त्या रात्रीचा विधीच असा आहे की घरातील सर्वांत धाकट्या मुलाने या रात्रीच्या वेगळेपणाविषयी प्रश्न विचारावेत व वडीलधाऱ्यांनी उत्तरादाखल सुटकेची कथा सांगावी. मुलाला प्रश्न समजला पाहिजे, म्हणून भाषांतर हवे होते. त्याच विधीच्या अखेरीस पुढील वर्षी यरुशलेममध्ये असण्याची इच्छा व्यक्त होते. ती इच्छा ज्यांची सफळ झाली त्यांच्या घरी नातवंडे प्रश्न हिब्रूत विचारू लागली. त्याचे शास्त्रोक्त उत्तर पुस्तकात होते. आजीपाशी मात्र झाकलेल्या भांड्याचे जे उत्तर होते, ते मराठीत होते. ते त्या रात्री कोणत्या भाषेत सांगावयाचे, हा प्रश्न पुस्तकात नाही.

१८८० पासून या समाजाने हिब्रू संदेष्ट्यांच्या कथांवर मराठी कीर्तने रचली आणि केली; इस्राएलात 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालविले गेले. पण ज्या कादंबऱ्यांतून या समाजाचे चित्र व्यापक वाचकवर्गापुढे आले त्या मराठीत नाहीत. मीरा महादेवन यांची 'अपना घर' (१९६१) आणि शीला रोहेकर यांची 'मिस सैम्युएल : एक यहूदी गाथा' (२०१३) या हिंदीत आहेत; एस्तेर डेव्हिड यांची 'द बुक ऑफ रेचल' (२००६) इंग्रजीत आहे. या शेवटच्या कादंबरीस २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची नायिका कोकणातील दांडा गावी एकटी राहते, मुले इस्राएलात गेली आहेत, आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एका पदार्थाची कृती आहे. ही योजना वरवर पाहता पाककृतींची हौस वाटेल. वस्तुतः ती या समाजाच्या जुन्या सणनामांच्या मर्माशी जुळते. स्वयंपाकघर हेच जेथे धर्माचे स्मरणस्थान होते, त्या समाजाची कथा पदार्थांच्या क्रमाने सांगणे यथोचितच होय.

मात्र येथेही भाषेची अडचण सुटत नाही. इंग्रजी वाचकासाठी प्रत्येक पदार्थाचे नाव समजावून द्यावे लागते. समजावलेले नाव माहिती होते. त्याची हाक होत नाही. 'बिरडे' या शब्दाबरोबर मराठी वाचकाच्या मनात वाल सोलणारी बोटे येतात, ती व्याख्येने येत नाहीत. हा लेखिकेचा दोष नव्हे. परदेशी गेलेली मुले आणि कोकणात उरलेली आई यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेच अंतर कादंबरीच्या विषयात आणि तिच्या भाषेत पडलेले आहे. आणि त्या अर्थाने तिचे माध्यम तिच्या दुःखाचाच एक भाग झाले आहे.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. परदेशातील सणाचे मोजमाप वस्तू किती मिळाल्या यावर करणे अपुरे आहे. बेने इस्राएलांना सर्व काही मिळाले, सणासाठी सगळे राष्ट्र मिळाले. तरी दार लावून घेतलेल्या त्या कोकणी घराचे नाव त्यांच्या दिवसाला उरले नाही. सण देवाच्या, राष्ट्राच्या किंवा पंचांगाच्या नावाने कोठेही जाऊ शकतो. बालपण मात्र घरच्या नावानेच जाते, आणि ते नाव भाषेखेरीज दुसऱ्या कोणत्याही सामानात बांधता येत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु आज महाराष्ट्रात या समाजाचे काही हजार लोकच उरले आहेत, आणि जुनी सणनामे ऐकलेली पिढी येथे आणि इस्राएलातही वृद्ध आहे. मराठीच्या कोशांत, लोकसंस्कृतीच्या पाठ्यग्रंथांत आणि विद्यापीठीय बोलीसर्वेक्षणांत दारफळणी, अनशी ढाक आणि बिरड्याचा रोजा यांस पिठोरी व नारळी पौर्णिमेच्या बरोबरीने स्थान मिळावयास हवे. ती नावे बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकून, देवनागरीत, उच्चारासह नोंदविणे हे काम मराठी विभागांचे आहे. हिब्रूच्या अभ्यासकांकडून त्याची अपेक्षा करणे योग्य नाही. हे शब्द आपल्या भाषेचे आहेत आणि ते उच्चारणारी तोंडे दरवर्षी कमी होत आहेत, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे.